रस्ता जाणाऱ्यांचा की येणाऱ्यांचा?

आमच्या गावच्या बाजारपेठेत पुस्तकांचे एक जुने दुकान आहे. मालक वयाने मला वडिलांच्या ठिकाणी. काही वर्षांपूर्वी पेठेतला रस्ता एकेरी झाला. दोन्ही टोकांना बाण रंगवलेले फलक लागले, कोंडी खरोखरच सुटली आणि आम्ही स्कूटरवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. महिन्याभराने मी दुकानात गेलो तेव्हा मालक म्हणाले, "सर, पूर्वी गिऱ्हाईक आमच्या दारात अडकून पडायचं. अडकलं की इकडेतिकडे बघायचं, पाटी वाचायचं, आत यायचं. आता रस्ता मोकळा झाला, आणि गिऱ्हाईकही आमच्यापासून मोकळं झालं!"

त्या वेळी मी नुसता हसलो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला रस्त्यावरच्या बाणाचे काय एवढे! परंतु पुढे वाचनात असे आले की, नेमकी हीच तक्रार उत्तर अमेरिकेतल्या दुकानदारांनी सत्तर वर्षांपूर्वी केली होती. त्या वेळी ती कोणी ऐकली नाही. आज मात्र तिकडची कित्येक शहरे आपले एकेरी केलेले रस्ते पुन्हा दुहेरी करीत आहेत. बाण पुसणे आणि पुन्हा काढणे, एवढीच ही हकीकत असती तर ती सांगण्याजोगी नव्हती. तिच्यामागे एक प्रश्न आहे. शहरातला रस्ता कोणासाठी असतो? त्यावरून निघून जाणाऱ्यासाठी, की त्यावर येऊन थांबणाऱ्यासाठी?

एकेरी वाहतूक मोटारीबरोबर जन्माला आली अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. लंडन शहराच्या कारभाऱ्यांनी १६१७ सालीच टेम्स नदीकाठच्या रस्त्याला मिळणाऱ्या अरुंद गल्ल्यांतून मालाच्या गाड्यांनी एकाच दिशेने जावे, असा नियम केला होता. त्या गल्ल्यांत पुडिंग लेन नावाची गल्ली होती. पुढे १६६६ साली लंडन जाळणारी मोठी आग तिथूनच पेटली, म्हणून ती इतिहासात अजरामर झाली. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी मागे कोणी सरायचे, यावरून गाडीवानांची हमरीतुमरी होत असे. ती टाळण्याचा हा उपाय होता.

लंडनमधलीच दुसरी गोष्ट आम्हा व्याख्यात्यांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने होत. श्रोत्यांच्या घोडागाड्यांनी दारापुढचा आल्बेमार्ल रस्ता इतका तुंबून जाई की, अखेर तो एकेरी करावा लागला, असे सांगतात. व्याख्यानाच्या गर्दीने रस्ता एकेरी करावा लागणे हे भाग्य आमच्यापैकी किती जणांच्या वाट्याला येणार?

या दोन्ही गोष्टींत एक सूत्र आहे, ते ध्यानात ठेवावे. गल्ली अरुंद होती, किंवा गर्दी त्या जागीच आलेली होती. म्हणजे एकेरी वाहतूक त्या ठिकाणाच्या सोयीसाठी आली. पुढे अमेरिकेत हेच सूत्र उलटे झाले.

अमेरिकेत रस्त्याला शिस्त लावण्याचे पुष्कळसे श्रेय विल्यम फेल्प्स ईनो या गृहस्थाला दिले जाते. न्यूयॉर्क शहराने १९०३ साली त्यांच्या प्रयत्नांतून वाहन हाकण्याचे नियम प्रसृत केले. कोलंबस सर्कल या चौकात सर्व वाहनांनी एकाच दिशेने वळसा घालून जावे, ही कल्पनाही त्यांचीच. गंमत अशी की, हे गृहस्थ स्वतः मोटार चालवायला कधी शिकले नाहीत असे म्हणतात. तथापि पुढची चार दशके अमेरिकन शहरांतले मोठे रस्ते बहुधा दुहेरीच राहिले. याला एक साधे कारण होते, ते म्हणजे ट्राम. रस्त्याच्या मधोमध जाणारा एक आणि येणारा एक असे ट्रामचे दोन रूळ एकदा बसले की, रस्त्याची दिशा वाटेल तेव्हा बदलता येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर एकामागून एक शहरांतून ट्राम उठली, तिची जागा बसने घेतली, आणि रस्ता वाहतूक अभियंत्याच्या हाती मोकळा आला.

या अभियंत्यांना दोष देण्यापूर्वी त्यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते चुकीचे नव्हते. दोन दुहेरी रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा तिथे वाहनांचे मार्ग एकमेकांशी भिडण्याच्या ३२ जागा तयार होतात. दोन्ही रस्ते एकेरी केले की, यांतल्या बहुतेक नाहीशा होतात. सर्वांत अवघड वळण म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांना आडवे जाऊन घ्यावयाचे वळण. आपल्याकडे ते उजवे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्यामुळे तिकडे ते डावे. एकेरी रस्त्यावर समोरून कोणी येतच नाही, तेव्हा हे वळण सोपे होते. शिवाय ओळीने येणाऱ्या चौकांतले दिवे असे लावता येतात की, ठराविक वेगाने निघालेल्या मोटारीला एकामागून एक हिरवाच दिवा मिळत जावा. दुहेरी रस्त्यावर ही किमया दोन्ही दिशांना एकाच वेळी साधणे कठीण असते. म्हणून दोन समांतर रस्त्यांची जोडी करावयाची, एक जाण्याला आणि एक येण्याला. नवा रस्ता बांधावा लागत नाही, घरे पाडावी लागत नाहीत. फलक, रंग आणि दिवे एवढ्या खर्चात जास्त मोटारी जास्त वेगाने निघून जातात. कोणत्या नगरपालिकेला हा सौदा आवडणार नाही?

आता १९५६ हे साल पाहा. अमेरिकन शहरांच्या इतिहासात हे वर्ष मोठ्या अक्षरांत लिहावे लागेल. २९ जून रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि देशभर रुंद, अखंड महामार्ग बांधण्याचा मार्ग खुला झाला. ८ ऑक्टोबर रोजी मिनेसोटा राज्यातल्या एडायना या उपनगरात साउथडेल नावाचा बाजार उघडला. एकाच छपराखाली, उन्हापावसापासून आणि बर्फापासून सुरक्षित अशी ती दुकानांची नगरी होती. आज ज्याला आपण 'मॉल' म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष. म्हणजे मध्यमवर्गाने राहायला उपनगरात जावे, खरेदीही तिथेच करावी आणि शहराच्या मध्यभागी, ज्याला तिकडे 'डाउनटाउन' म्हणतात तिथे, फक्त कामापुरते यावे, अशी सगळी व्यवस्था त्या एका वर्षात आकाराला येऊ लागली.

त्याच ऑक्टोबर महिन्यात, सीमेपलीकडे कॅनडात, हॅमिल्टन शहरात आणखी एक गोष्ट घडली. हॅमिल्टन हे ओंटारिओ सरोवराच्या पश्चिम टोकावरचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव. तिथली ट्राम १९५१ साली बंद झाली होती. विल्बर स्मिथ यांच्या अमेरिकन सल्लागार संस्थेने आराखडा दिला आणि १९५६ च्या ऑक्टोबरात एका रात्रीत शहराचे प्रमुख रस्ते एकेरी झाले. किंग स्ट्रीट हा जुन्या पेठेचा रस्ता फक्त पश्चिमेकडे आणि त्याला समांतर असलेला मेन स्ट्रीट फक्त पूर्वेकडे. आदल्या रात्री झोपलेले गाव सकाळी उठले ते दुसऱ्याच गावात! पुढे वाहतूक इतकी सुरळीत झाली की, गावाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे दिव्याला न थांबता जाता येते, ही हॅमिल्टनकरांच्या अभिमानाची गोष्ट झाली. किंग स्ट्रीटवरचे दुकानदार कुरकुरत राहिले. पण दुकानदार कुरकुरायचेच, असे म्हणून गाव पुढे गेले.

मोठ्या शहरांतही तेच चालले होते. न्यूयॉर्कमध्ये पहिला आणि दुसरा अ‍ॅव्हेन्यू १९५१ साली एकेरी झाले. त्यानंतर एकेक जोडी होत गेली. अखेरीस उरला तो फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू, म्हणजे श्रीमंत दुकानांचा रस्ता. तिथल्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध लावून धरला होता. हेन्री बार्न्स हे त्या वेळी शहराचे वाहतूक आयुक्त होते. १९६६ च्या पहिल्या दोन आठवड्यांत भुयारी रेल्वे आणि बस यांच्या कामगारांचा मोठा संप झाला आणि रस्ते मोटारींनी तुंबून गेले. संप मिटतो न मिटतो तोच, १४ जानेवारी रोजी, फिफ्थ आणि मॅडिसन या दोन्ही अ‍ॅव्हेन्यूंवर एकेरीचे फलक लागले. संकटात घेतलेला निर्णय संकट सरल्यावरही राहतो, हा इतिहासाचा नेहमीचा धडा आहे.

आता दुकानदारांच्या कुरकुरीकडे वळू. तिच्यात तथ्य काय होते?

एक तर निम्मी दुकाने दिसेनाशी झाली. दुहेरी रस्त्यावर चौकातली आडवी गल्ली ओलांडताना पूर्वेकडे जाणाऱ्याला तिच्या एका बाजूची दुकाने दिसतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला दुसऱ्या बाजूची. रस्ता एकेरी झाला की, एका बाजूच्या पाट्या कोणालाच समोरून दिसत नाहीत. दुसरे असे की, काही दुकाने सकाळची असतात आणि काही संध्याकाळची. कामावर जाणारा माणूस कॉफी आणि वर्तमानपत्र घेतो. घरी परतणारा माणूस पाव, भाजी आणि पोरांसाठी खाऊ घेतो. सकाळचा ओघ एका रस्त्याने आणि संध्याकाळचा दुसऱ्या रस्त्याने गेला, तर दोन्ही रस्त्यांवरचे निम्मे धंदे भुकेले राहतात. तिसरे, बसने जाणाऱ्यांची पंचाईत झाली. सकाळी ज्या थांब्यावर उतरले, त्याच्या समोरच्या फुटपाथवरून परतीची बस मिळेनाशी झाली. ती आता पलीकडच्या रस्त्यावर. पावसात, बर्फात, हातात पिशव्या घेऊन म्हाताऱ्या माणसाने तिथवर चालायचे! चौथे, परक्या गावचा माणूस तर भोवऱ्यात सापडे. दुकान समोर दिसते आहे, पण तिथे पोहोचायला तीन गल्ल्यांना वळसा घालावा लागतो. एकदा चुकला की दुसऱ्यांदा तो त्या पेठेत फिरकत नाही.

हे सगळे अभियंत्यांच्या हिशेबात का आले नाही? कारण त्यांच्या मोजणीत ते बसतच नव्हते. रस्त्याच्या कडेला बसून मोजणारा माणूस एवढेच मोजतो की, तासाला किती मोटारी पुढून गेल्या. जो थांबला, उतरला, दुकानात शिरला, तो त्याच्या वहीत नाही. उलट ज्याला वळसा घालून त्याच रस्त्यावरून दोनदा जावे लागले, तो वहीत दोनदा! म्हणजे हेलपाटा वाढला की आकडा वाढतो, आणि आकडा वाढला म्हणून रस्ता सुधारला असे ठरते. पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठातले वाहतूकशास्त्रज्ञ विकाश गायाह यांनी २०१२ साली हाच मुद्दा गणिताने मांडला. रस्त्यांच्या जाळ्याची क्षमता किती मोटारी धावल्या यावर मोजू नये, किती जणांचा प्रवास पुरा झाला यावर मोजावी. तशी मोजणी केली तर, विशेषतः प्रवास थोड्या अंतराचे असतील तिथे, दुहेरी रस्त्यांचे जाळे एकेरीपेक्षा सरस ठरू शकते. ज्या सिद्धांताच्या बळावर रस्ते एकेरी झाले, त्याच शास्त्राच्या घरातून हा आवाज उठला.

त्याआधी अर्धशतक एका सामान्य नागरिकाने हे नुसत्या डोळ्यांनी टिपले होते. जेन जेकब्ज ही बाई न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात राहत असे. नगररचनेची पदवी तिच्यापाशी नव्हती. घराच्या खिडकीतून रस्ता पाहायचा, हाच तिचा अभ्यास. अमेरिकन शहरांच्या मरणाविषयी आणि जगण्याविषयी तिने लिहिलेला ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. फुटपाथवर माणसे वावरतात, दुकानदार दारात उभा असतो, म्हणून रस्ता सुरक्षित राहतो, हे तिचे मुख्य म्हणणे. रस्ते एकेरी केल्याने मोटारींची सोय झाली पण बसचे उतारू कमी झाले, हेही तिने त्यात नोंदवले आहे. त्या वेळी अधिकाऱ्यांनी तिला हौशी बाई म्हणून बाजूला सारले. आज नगररचनेच्या विद्यार्थ्यांना तो ग्रंथ वाचावाच लागतो.

पुढची काही दशके अमेरिकन शहरांच्या मध्यभागाला वाईट गेली. मोठी दुकाने उपनगरात गेली, इमारती रिकाम्या पडल्या, संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. न्याय करायचा तर हे सगळे पाप एकेरी वाहतुकीच्या माथी मारता येणार नाही. महामार्ग होते, मॉल होते, कारखाने बंद पडत होते. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावाचे उदाहरण घ्या. तिथला स्टुडबेकर मोटारींचा कारखाना १९६३ च्या डिसेंबरात बंद पडला आणि गावाचा कणा मोडला. पण गंमत पाहा. गाव ओस पडत असता तिथले मुख्य रस्ते १९७० नंतर एकेरी झाले. म्हणजे येणारे कमी होत असताना जाणाऱ्यांची सोय वाढवली. रोग दुसरा होता हे खरे, पण दिलेले औषध रोग्याला उठवणारे नव्हते.

मग बदल सुरू झाला. त्यातली एक गोष्ट वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर गावची. कॅनडातले प्रसिद्ध व्हँकूव्हर ते हे नव्हे. हे कोलंबिया नदीच्या काठचे लहान शहर, नदीपलीकडे ओरेगनचे पोर्टलँड. गावाने आपला मध्यभाग पुन्हा उभा करण्यासाठी लाखो डॉलर खर्चले होते, तरी मेन स्ट्रीट ओसच होता. अखेर २००८ च्या नोव्हेंबरात रस्त्याच्या मधोमध पिवळी रेघ ओढली, काही फलक काढले, काही लावले आणि रस्ता दुहेरी केला. ते दिवस मोठ्या आर्थिक मंदीचे होते. तरीही काही आठवड्यांतच दुकानदार खुशीत आले. पत्रकार अ‍ॅलन एहरेनहाल्ट यांनी २००९ साली ही हकीकत लिहिली आणि इतर गावांचे नगरपिते ती वाचून विचारात पडले. भव्य योजनांनी जे झाले नाही, ते रंगाच्या डब्याने कसे झाले?

केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराने अधिक पक्का पुरावा दिला. तिथल्या जुन्या वस्तीत व्हिक्टोरियन काळातली देखणी घरे आहेत. त्या घरांपुढून जाणारे ब्रुक आणि फर्स्ट हे दोन एकेरी रस्ते २०११ साली दुहेरी झाले. जॉन गिल्डरब्लूम आणि विल्यम रिग्ज या संशोधकांनी आधीची आणि नंतरची स्थिती तपासली. एका रस्त्यावर मोटारींच्या टकरी ३६ टक्क्यांनी आणि दुसऱ्यावर ६० टक्क्यांनी घटल्या. गुन्हे सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. घरांच्या किमती वाढल्या. आणि विशेष म्हणजे, या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या मोटारींची संख्या कमी न होता वाढली. टकरी का घटल्या असाव्यात? समोरून वाहन येत असले की, चालक आपोआप सावध होतो, वेग कमी ठेवतो. ३२ भिडण्याच्या जागा कागदावर भयंकर दिसतात खऱ्या, पण त्या दिसतात म्हणूनच माणूस जपून चालतो. दोनच रस्त्यांचा हा पुरावा आहे, त्यावरून जगाचा नियम बांधू नये. परंतु विचार करायला तो पुरेसा आहे.

साउथ बेंडनेही आपले पाऊल मागे घेतले. पीट बुटिजेज हे महापौर असताना सुमारे २.५ कोटी डॉलरची योजना हाती घेऊन २०१६–१७ च्या सुमारास मध्यभागातले मुख्य रस्ते दुहेरी केले, फुटपाथ रुंद केले, झाडे लावली. लक्षात घ्या, एकेरी करणे स्वस्त होते. दुहेरी करायला मात्र दिवे नवे, चौक नवे, कधी कधी सगळा रस्ताच नवा करावा लागतो.

आता पुन्हा हॅमिल्टनला जाऊ, कारण या प्रश्नातले सर्वांत गंभीर पान तिथले आहे. २००० साली कॅनडातल्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७८ ते १९९४ या काळात हॅमिल्टनमध्ये मोटारीखाली सापडून जखमी झालेल्या, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद संशोधकांनी तपासली. एकेरी रस्त्यांवर मुलांना इजा होण्याचे प्रमाण दुहेरी रस्त्यांच्या अडीचपट होते. आणि सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांचे प्रमाण सुखवस्तू वस्त्यांतल्या मुलांच्या तिप्पट. हे आकडे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. कोणी उपनगरातून कामावर यायचा, त्याची दहा मिनिटे वाचत होती. ती ज्या दारांपुढून तो वाचवीत होता, त्या दारांतली पोरे रस्ता ओलांडत होती. हिशेबाच्या वहीत त्याची दहा मिनिटे लिहिली गेली. पोरांसाठी तिच्यात रकानाच नव्हता.

वेगाचा हिशेब निष्ठुर असतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासाप्रमाणे ताशी २३ मैल वेगाच्या मोटारीने पादचाऱ्याला धडक दिली तर दहांत एक दगावतो. वेग ३२ मैल झाला तर चारांत एक, आणि ४२ मैल झाला तर दोघांत एक. हिरव्या दिव्यांच्या माळेवर धावणाऱ्या आणि पुढचा दिवा गाठू पाहणाऱ्या चालकाला ताशी दहा मैलांचा फरक कळतही नाही.

हॅमिल्टनमध्ये जेम्स स्ट्रीट हा रस्ता २००२ सालापासून दुहेरी झाला. त्याच्या उत्तर भागात पोर्तुगीज आणि इटालियन वसाहतवाल्यांची जुनी दुकाने होती, भाडी कमी होती. तिथे चित्रकार आले, चित्रांची दालने निघाली, उपाहारगृहे आली. महिन्याच्या एका शुक्रवारी संध्याकाळी सगळे गाव तिथे चित्रे पाहत फिरू लागले. रस्ता दुहेरी झाला म्हणून चित्रकार आले, असे सरळ म्हणता येणार नाही. पण पूर्वीसारखा मोटारींचा लोंढा वाहत असता तर माणसे तिथे रेंगाळली नसती, हे नक्की. मोठे रस्ते मात्र तसेच राहिले. २०२२ साली मेन स्ट्रीटवर आणि शहरात इतरत्र पादचाऱ्यांचे मृत्यू झाले, लोक रस्त्यावर उतरले, आणि नगर परिषदेने मेन स्ट्रीट दुहेरी करण्याचा ठराव केला. १९५६ साली एका रात्रीत जे झाले, ते उलटवण्याचा नुसता ठराव व्हायला ६६ वर्षे लागली!

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळेच रस्ते दुहेरी करा. तसे म्हणण्याची घाई करू नये. व्हँकूव्हरच्या नदीपलीकडे पोर्टलँड शहर आहे असे मघाशी सांगितले. त्याच्या मध्यभागातले बहुतेक रस्ते एकेरी आहेत, आणि तरीही तो अमेरिकेतल्या चालायला चांगल्या भागांत गणला जातो. याचे कारण असे की, तिथल्या इमारतींचे गट लहान, अवघे दोनशे फुटांचे, आणि चौकांतले दिवे मुद्दाम ताशी पंधरा मैलांच्या आसपास वेगासाठी लावलेले. मोटार त्याहून जोरात नेली तर पुढचा दिवा लालच. हिरव्या दिव्यांची तीच किमया हॅमिल्टनने वेग वाढवण्यासाठी वापरली आणि पोर्टलँडने वेग आवरण्यासाठी. न्यूयॉर्कचा फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूही एकेरीच आहे, आणि तो काही ओस पडलेला नाही. तिथे फुटपाथवर माणसांची रीघ इतकी की, रस्त्याची दिशा कोणतीही असो, दुकाने चालतात. शिवाय एकेरी रस्ता ओलांडताना एकाच बाजूला पाहावे लागते, ही त्याची सोय आहेच. आणि जिथे गल्लीच इतकी अरुंद आहे की दोन गाड्या एकमेकींजवळून जाऊच शकत नाहीत, तिथे लंडनकरांनी १६१७ साली केले ते आजही शहाणपणाचेच.

तात्पर्य, बाण हा देवही नाही आणि राक्षसही नाही. तो कोणाच्या सोयीसाठी रंगवला, हे पाहावे. अमेरिकन शहरांची चूक एकेरी वाहतुकीचा अवलंब करण्यात नव्हती. चूक अशी झाली की, जाणाऱ्याची गैरसोय मोजता आली म्हणून तेवढीच खरी मानली. दुकानदाराचा रिकामा गल्ला, म्हातारीचा बसथांब्याचा हेलपाटा, रस्त्याकाठच्या पोराचा जीव, हे मोजले नाही म्हणून ते नाहीतच असे धरून चालले. आणि मोजून पाहावे असे वाटेपर्यंत दोन पिढ्या गेल्या.

परवा पुन्हा त्या पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. मालकांना मी हॅमिल्टनची, लुईव्हिलची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "म्हणजे आमचा रस्ता परत दुहेरी व्हायला हवा म्हणता?"

मला सरळ उत्तर देता आले नाही. आमची पेठ अरुंद आहे, कोंडी खरी होती, दवाखान्याची गाडी अडकून पडायची हेही मी पाहिले आहे. मी एवढेच म्हटले की, रस्ता एकेरी करताना तासाला किती गाड्या जातात हे मोजले होते. आता तुमच्या दारात किती माणसे थांबतात, शाळा सुटल्यावर मुले रस्ता कशी ओलांडतात आणि गाड्या किती वेगाने जातात, हेही कोणीतरी महिनाभर मोजायला हवे. मग ठरवू.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हिशेबाच्या वहीचे शेवटचे कोरे पान उघडले. त्यावर तीन उभ्या रेघा मारल्या, एकेका रकान्याला नाव दिले. मग म्हणाले, "सर, माणसं मी मोजतो, दिवसभर दारातच असतो. शाळा सुटायच्या वेळेला मात्र तुम्ही येऊन बसा."

सोमवारपासून मी जाणार आहे.